रस्ता वाढवताना

माझा मुलगा हृषिकेश जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात अभियंता होता, हे मी कराडच्या पेठेत कोणालाही मान वर करून सांगत असे. तो दर वर्षीची रजा साठवून जपानात जातो आणि तिथल्या एका जुन्या रस्त्याची छायाचित्रे काढतो, हे मात्र मी कधी कोणाला सांगितले नाही. रस्ता ही न्याहाळत बसण्याची गोष्ट आहे, असे आमच्या घराण्यात कोणी मानले नव्हते. आम्ही कासार. तांब्यापितळेची भांडी आणि काचेच्या बांगड्या हा आमचा पिढीजात व्यवसाय. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून दुकानाची पायरी चढते, एवढाच आम्हाला रस्त्याचा उपयोग ठाऊक. यजमानांच्या पश्चात ते दुकान मी एकटीने चालवले, मुलाला शिकवले, परदेशी पाठवले. आणि त्याने तिथे जाऊन रस्त्याचा नाद धरला.

नाद म्हटले की तो दुखावत असे. मग फोनवर मला समजावून सांगे. नाकासेन्दो नावाचा तो रस्ता शेकडो वर्षांपूर्वी क्योतोहून एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, डोंगरांच्या पोटातून जात असे. वाटेत साठ-सत्तर मुक्कामाची गावे. सरदार, व्यापारी, देवदर्शनाला निघालेल्या बायका, सगळे पायी जात आणि संध्याकाळी त्या गावांत उतरत.

“आई, मुक्काम सोडून निघालेला माणूस पहिल्या चढावर पोचला की एकदा मागे वळून बघतो,” तो म्हणाला होता. “कुठलाही माणूस. मी प्रत्येक गावाबाहेरची ती जागा शोधतो आणि तिथून एकच फोटो काढतो. दहा वर्षांनी पुन्हा जायचं, त्याच जागेवर, त्याच ऋतूत. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की मग दिसेल काय गेलं आणि काय राहिलं.”

त्यापेक्षा आमच्या पेठेत ये आणि नगरपालिकेचे गटार दहा वर्षांत बदलले का ते बघ, असे मी त्याला सुनावले होते. तो खूप हसला. पण गेला मात्र जपानलाच.

पहिली फेरी त्याने सगळी पुरी केली. दुसऱ्या फेरीचा आरंभ त्याने किसो नावाच्या खोऱ्यातून करायचे ठरवले, कारण तिथला पहिला फोटो त्याने बर्फात काढला होता. २०१४च्या फेब्रुवारीत त्या खोऱ्यातल्या नाराई गावाच्या वरच्या खिंडीत तो कॅमेऱ्याची तिपाई रोवून उभा राहिला आणि तिथेच त्याचे हृदय थांबले. बर्फातून चालायला निघालेल्या एका वृद्ध जोडप्याला तो सापडला. कॅमेरा तिपाईवर गावाकडे तोंड करून उभा होता. आतली फिल्म पुढे धुऊन पाहिली, तेव्हा ती कोरी निघाली.

वर्षश्राद्धासाठी मी नेकारसुल्मला गेले. माझ्या सुनेला, स्वरूपाला, तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतून कराडला येण्याइतकी रजा मिळणार नव्हती, आणि मुलाचे श्राद्ध माझ्या देखरेखीवाचून व्हावे हे मला मान्य नव्हते. विधीसाठी त्सुफेनहाउझेन नावाच्या उपनगरातून एक तरुण आला. आठवडाभर तो मोटारींचे ब्रेक तपासतो आणि शनिवार-रविवार पौरोहित्य करतो. छतावरचे धूर हेरणारे यंत्र बोंबलू नये म्हणून त्याने आधी खुर्चीवर चढून त्यावर पिशवी बांधली आणि मग आचमन केले. त्याचे मंत्र शुद्ध होते. मी त्याला दोनदाच टोकले.

त्या दिवशी जेवणे आटोपल्यावर स्वरूपाने विषय काढला. बर्लिनला फ्राउ लेंट्स नावाच्या एका बाईंचे छोटे कलादालन आहे. हृषिकेशची चित्रे लावण्याचे त्यांनी त्याला वचन दिले होते. आता त्या विचारत होत्या की घरच्यांचा विचार काय आहे. काम इथेच थांबले असे समजायचे, की घरातले कोणी दुसरी फेरी करणार? त्यांना त्याप्रमाणे मांडणी करायची होती.

“तुला काय वाटतं?” मी विचारले.

“तुम्ही म्हणाल तसं, आई,” ती म्हणाली. तिने ताटे उचलली आणि आत गेली.

मला विचार करावा लागला नाही. आरंभलेले काम उघडे टाकून माणूस गेला, तर घरच्यांनी ते रीतीने मिटवायचे असते. ते न मिटवता ठेवले की त्याचा जीव त्यात घुटमळत राहतो. माझा मुलगा त्या खिंडीत, बर्फात, मागे वळून पाहत उभा आहे, हे चित्र गेले वर्षभर माझ्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. त्याला तिथून सोडवायचे होते, आणि ते काम आईचेच होते. काम मिटवायचे आणि ते फ्राउ लेंट्स यांना मी स्वतः भेटून सांगेन, असे मी स्वरूपाला कळवून टाकले. तिला कामातून निघता येईना. तिने मला आगगाडीत बसवून दिले आणि बर्लिनच्या स्थानकावर मला उतरवून घ्यायला माझी नात उभी राहिली.

शमिका तेव्हा वीस वर्षांची होती. बर्लिनला ती गुरांची डॉक्टर होण्याचे शिक्षण घेत होती. बुद्धिमान मुलगी, पण पाच वर्षांची असताना त्या देशात गेलेली. मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. माझ्यासमोर मराठीतच बोलायचे, अशी माझी सक्त ताकीद होती. ती पाळताना ती अडखळे आणि दर दोन शब्दांनी ‘जा, जा’ म्हणे. त्यांच्या भाषेत ‘जा’ म्हणजे होय. लहानपणी ती प्रथम तसे म्हणाली, तेव्हा ही कार्टी मला घरातून घालवते आहे असे वाटून मी दोन दिवस अबोला धरला होता.

यू-बानने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, तिने मला कलादालनात नेले. एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात तळमजल्यावर ती खोली होती. फ्राउ लेंट्स जवळपास माझ्याच वयाच्या, केस पांढरे आणि अगदी आखूड, पाठ ताठ. ताठ पाठीची बाई मला आवडते. त्यांनी टेबलावर चित्रे पसरून ठेवली होती. ती मी प्रथमच एवढ्या मोठ्या आकारात पाहत होते, पण परक्यांसमोर डोळे पुसण्याची आमच्यात रीत नाही. मी खुर्चीत नीट बसले, पदर सावरला आणि शमिकाला म्हणाले की मी सांगते ते वाक्य जसेच्या तसे त्यांना सांग.

“माझ्या मुलाने मांडलेले हे काम आम्ही आता मानाने वाढवतो आहोत.”

शमिका माझ्याकडे पाहत राहिली.

“सांग,” मी म्हणाले.

तिने सांगितले. फ्राउ लेंट्स उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटले, बाई कुलीन आहे. दुःखाचे बोलणे कसे घ्यावे हे हिला कळते. परतताना शमिकाने साऱ्या वाटेत माझा हात सोडला नाही. पोरीला बाप गेल्याचे आज पुरते उमगले, असा मी त्याचा अर्थ लावला. नेकारसुल्मला परत आल्यावर त्या रात्री मला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

माझा व्हिसा मेच्या मध्यापर्यंत होता. एप्रिल सरला, नेकार नदीकाठच्या चढावरच्या द्राक्षमळ्यांना पालवी फुटली. मेच्या आरंभी शमिका काही दिवसांसाठी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघाले, तर मळ्यांतल्या पायवाटेवर माझी नात हृषिकेशची तिपाई रोवून उभी. तिने डोक्यावर काळे कापड घेतले होते आणि ती कॅमेऱ्यात वाकून पाहत होती. मागून पाहताना तिचे खांदे तंतोतंत बापाचे. मी हाक न मारता घरी परतले आणि स्वरूपाला विचारले, ही ते काय करते आहे.

स्वरूपा माझ्याकडे चमकून पाहू लागली. “सराव करते आहे, आई. ऑक्टोबरमध्ये जायचं आहे ना तिला.”

“कुठे?”

“जपानला.”

शमिका आल्यावर मी तिला टेबलाशी बसवले. तिने कॉलेजातून उर्लाउब्स-झेमेस्टर, म्हणजे पुढच्या सहामाहीची रजा, मागून घेतली होती. तिकीट काढले होते. दुसऱ्या फेरीतला पहिला टप्पा ती करणार होती आणि मग दर वर्षी थोडा थोडा, बापाने केला तसा.

“हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारले.

“तू.”

“मी?”

“बर्लिनला. तू म्हणालीस, आम्ही काम वाढवतो. मी फ्राउ लेंट्सला तेच सांगितलं. आम्ही पुढे करतो.”

मी म्हणाले, “अगं, वाढवणं म्हणजे मिटवणं. संपवणं.”

“नाही,” ती शांतपणे म्हणाली, शिक्षकाने पोराची चूक दाखवावी तशी. “वाढवणं म्हणजे मोठं करणं. वाढदिवस. माझी उंची वाढली. मम्मी रोज म्हणते, जेवायला वाढ. आल्झो, म्हणजे सगळीकडे जास्तच होतं. कमी कुठे होतं?”

“नारळाचं काय करतात?”

“फोडतात.”

“ऐकलंस, स्वरूपा? तुझी मुलगी नारळ फोडते.”

स्वरूपा हसली नाही. मी शमिकाला समजावून सांगू लागले. आपल्यात शुभ गोष्टीपुढे ‘संपले’, ‘मोडले’, ‘बंद’ हे शब्द उच्चारत नाहीत. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. दुकानाच्या फळ्या लावताना आम्ही दुकान बंद करा असे कधी म्हटले नाही, वाढवा म्हटले. आयुष्यभर रोज म्हटले. तुझा बाप त्या फळ्यांमागे वाढला.

“मग बंद झालंय हे कसं कळतं?” तिने विचारले.

“कळतं.”

“कोणाला?”

स्वरूपा इतका वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली आणि मुलीला म्हणाली, “तुला माझ्या हिरव्या बांगड्या आठवतात? पपा गेले, आपण कराडला गेलो, आणि परत येताना माझ्या हातात त्या नव्हत्या. तू विमानात विचारलंस.”

“तू म्हणालीस, काढल्या.”

“काढल्या नाहीत. आजीने वाढवल्या. कासाराच्या घरच्या सुनेच्या हाताला परका हात नको म्हणून स्वतः वाढवल्या.”

शमिकाने आईच्या मनगटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. शब्द तिला कळला हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. यजमान गेले, तेव्हा माझ्या बांगड्या माझ्या सासूबाईंनी वाढवल्या होत्या, आणि फुटलेल्या काचा त्यांनी स्वतःच्या पदरात वेचल्या होत्या. सुनेच्या बांगड्यांच्या काचा मीही तशाच वेचल्या. पण अशा गोष्टी सांगायच्या नसतात.

“तू तरी मला का नाही विचारलंस?” मी स्वरूपाला म्हणाले. “पोर शिक्षण सोडून निघाली आणि तू गप्प.”

“तिने फोनवर सांगितलं, आजी म्हणाली पुढे न्यायचं. मला वाटलं तुमचा विचार बदलला. तुम्हाला कोण विचारणार, आई?”

दुसऱ्या दिवशी दोघी कामाला बाहेर गेल्यावर मी किल्ली घेऊन केलरमध्ये उतरले. त्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात जाळीचा एकेक कप्पा असतो. त्याला ते केलर म्हणतात. हृषिकेशच्या चित्रांच्या लहान प्रतींची खोकी तिथे ओळीने लावलेली होती, प्रत्येकावर त्याच्या टपोऱ्या अक्षरांत गावाचे नाव. मी एक स्टूल ओढले आणि पहिल्या खोक्यापासून पाहायला बसले.

माल पारखण्यात माझा जन्म गेला आहे. ठोक्याचे भांडे आणि साच्याचे भांडे मी हातात न घेता ओळखते. त्या चित्रांत सुंदर म्हणावे असे फार काही नव्हते. खाली राहिलेली काळी छपरे. परसात फळांनी लगडलेले झाड आणि त्याच्याआडून गेलेल्या विजेच्या तारा. एका गावाच्या बरोबर डोक्यावरून सिमेंटच्या खांबांवर उभा केलेला महामार्ग. भातखाचरांत कोणीतरी मांडून ठेवलेली सौरऊर्जेच्या पत्र्यांची रांग. माणूस एकाही चित्रात नव्हता. पण चित्रे एकामागून एक पाहत गेले तसा प्रत्येक ठिकाणी चढावर थांबलेला, मान वळवलेला एक माणूस मला जाणवू लागला, आणि तो माझा होता. दर वर्षी तो कुठे जात असे ते मला त्या दिवशी समजले. मी तेच मिटवायला निघाले होते. आणि माझ्या नकळत, माझ्याच शब्दाने, गेले दोन महिने त्याचे काम जिवंत होते. कोणीतरी त्याची तिपाई उघडत होते.

शिवाय एक गोष्ट होती. दुकानदाराचा शब्द उच्चारणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो. फ्राउ लेंट्स यांनी जे ऐकले, ते मी दिलेले वचन होते. ते मोडण्याची सवय मला नाही.

शमिका परतली, तेव्हा मी तिला गॅलरीत बोलावले. समोर द्राक्षमळ्यांवर ऊन होते. मी तिला म्हणाले की झाल्या गोष्टीचा मी विचार केला आहे. शब्दाचा घोटाळा झाला खरा, पण झाला तो बऱ्यासाठीच झाला असेल. तू जा. थंडीचे कपडे नीट घे, खिंडीत एकटी जाऊ नकोस, रोज फोन कर. आणि काम पुरे कर. माझा आशीर्वाद आहे.

ती वाकून नमस्कार करील, अशी माझी अपेक्षा होती. ती कठड्याला धरून उभी राहिली. जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, मग थांबली आणि एकेक शब्द शोधून म्हणाली,

“मला जायचं नाही, आजी.”

“का?” मी विचारले.

“मला तो रस्ता आवडत नाही. पपा दर वर्षी तिकडे जायचा. माझ्या शाळेचं नाटक होतं, तेव्हा तिकडे. मला ताप होता, तेव्हा तिकडे. फोटो चांगले आहेत, जा, मला माहीत आहे. पण तिथे उभी राहिले तर मला फक्त तो पडलेला दिसणार. प्रत्येक वेळी.” तिने नाक पुसले. “तू म्हणालीस म्हणून मी जात होते. तुला नाही कसं म्हणायचं? मम्मी पण म्हणत नाही.”

“मग तुला काय करायचं आहे?”

“मला गाई आवडतात,” ती म्हणाली, आणि रडू लागली.

मी तिला रागावले नाही. तिचे डोके माझ्या खांद्यापाशी ओढून घेतले आणि तिचे रडणे संपेपर्यंत तशीच उभी राहिले. नको असलेली गोष्ट ती केवळ माझ्या शब्दाखातर उरावर घेऊन दोन महिने हिंडत होती, तिपाई वाहत होती, तिकीट काढून बसली होती. एवढी आज्ञाधारक नात मिळावी म्हणून बायका नवस करतात.

संध्याकाळी स्वरूपाला कळले. तिने डोळे मिटून घेतले, मोठा श्वास सोडला आणि मुलीला घट्ट धरले. मग तिने बटाटेवडे केले, श्राद्धानंतर त्या घरात प्रथमच. दोघी जेवताना तिकिटाचे काय करायचे ते बोलत होत्या, रजेचा अर्ज मागे कसा घ्यायचा ते बोलत होत्या, आणि मध्येच कुठल्याशा प्राध्यापकाच्या नकलेवर दोघींना हसू फुटले. पुष्कळ दिवस उघडता न आलेली खिडकी उघडावी, तसे त्या घराला झाले होते. मला जे हवे होते, ते हुबेहूब झाले होते. हृषिकेशचे काम मिटले होते, कोणी एकानेही ते चालू राहावे अशी इच्छा धरली नव्हती. माझ्यावाचून कोणी नाही. आणि माझीही एका दुपारपुरतीच. मी वडे चांगले झाल्याचे सांगितले आणि दुसरा मागून घेतला, कारण मी जेवले नसते, तर त्यांचे हसू थांबले असते.

परतण्यापूर्वी फ्राउ लेंट्स यांना समक्ष सांगणे माझे कर्तव्य होते. या वेळी आम्ही तिघी बर्लिनला गेलो.

दालनात शिरताच मी दाराशीच थांबले. चित्रे भिंतीवर लागली होती, क्योतोच्या बाजूने सुरू होऊन तोक्योपर्यंत, चारही भिंती भरून. प्रत्येक चित्राच्या उजवीकडे तेवढीच मोठी जागा कोरी सोडली होती, आणि तिथे वरच्या बाजूला दोन दोन खिळे ठोकून ठेवले होते. दुसरी चित्रे जसजशी येतील, तसतशी ती तिथे लागणार होती. फ्राउ लेंट्स यांनी ते सारे स्वतः मोजूनमापून केले होते. त्या अभिमानाने माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

“काय सांगू, आजी?” शमिकाने हळूच विचारले. “कुठला शब्द?”

दुकानात बसले तेवढ्या वर्षांत तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता. “बंद,” मी म्हणाले. “सरळ सांग. काम बंद.”

जर्मनमध्ये ते फार थोडक्यात सांगता येते, असे दिसले. फ्राउ लेंट्स यांनी काही विचारले आणि शमिकाने आईकडे पाहून ते मला सांगितले. कोऱ्या जागा तशाच राहू द्यायच्या का? त्यांच्या मते तसे करणे अधिक योग्य; तो परत आला नाही, हे पाहणाऱ्याला न सांगता कळेल. की खिळे काढून चित्रे जवळ घ्यायची?

तिघी माझ्याकडे पाहू लागल्या.

मी त्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली. त्या जागा राहिल्या, तर येणारा प्रत्येक जण विचारणार, इथे काय लागायचे होते, कोण लावणार होते. फ्राउ लेंट्स नात इथेच शिकते असे सांगणार. लोक शमिकाला शोधणार, आणि गोठ्यातून हात धुऊन आलेल्या त्या मुलीला जन्मभर एकेका खिळ्याचे उत्तर देत बसावे लागणार. मागे वळून पाहायला ज्याला आवडत होते, तो पाहून गेला.

“जवळ घ्या,” मी म्हणाले. “एकही खिळा ठेवू नका.”

फ्राउ लेंट्स यांनी तेव्हाच एक शिडी आणली, बहुधा माझ्या आवाजामुळे. स्वरूपा चित्रे खाली उतरवून देऊ लागली, शमिका शिडीवर चढून पकडीने खिळे उपटू लागली. भोकांमध्ये पुट्टी भरून त्या बाई बोटाने ती सपाट करत होत्या. काम पुरे झाले, तेव्हा तो सबंध रस्ता दोन भिंतींत मावला. समोरच्या दोन भिंती नुसत्या पांढऱ्या उरल्या, त्यांवर ओल्या पुट्टीचे ठिपके.

आगगाडीला वेळ होता. दोघी अंगणात जाऊन फ्राउ लेंट्सबरोबर कॉफी घेत बसल्या. शमिका हातवारे करून काहीतरी सांगत होती, गाईचेच असावे. मला त्यांनी दोनदा बोलावले. येते म्हटले आणि मी त्या पांढऱ्या भिंतींसमोर, पुट्टीचे ठिपके एकेक करून वाळेपर्यंत बसून राहिले.